वाऱ्याच्या नावाचं अक्षर

फ्रान्सच्या दक्षिणेत रोन नदीच्या खोऱ्यातून समुद्राकडे सुटणाऱ्या गार, बोचऱ्या वाऱ्याला मिस्त्राल म्हणतात. १९५३ साली मार्सेयच्या ‘फोंदरी ऑलिव्ह’ या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यातून त्याच नावाचा टाइप बाहेर पडला. तो घडवणारे रोजे एक्सकोफाँ मार्सेयचेच, जन्म १९१०चा. कायद्याचं शिक्षण सोडून ते चित्रकलेच्या ओढीने पॅरिसला गेले होते.

जाहिरातीत अक्षर हाताने लिहिल्यासारखं दिसावं, ही हौस नवी नव्हती. अमेरिकेत १९४२ सालीच रॉबर्ट स्मिथ यांचा ‘ब्रश स्क्रिप्ट’ आला होता. पण एक्सकोफाँना सुबक ब्रशकाम नको होतं. त्यांना स्वतःचं घाईचं, वर-खाली झेपावणारं हस्ताक्षरच शिशात उतरवायचं होतं.

अडचण खिळ्याचीच होती. खिळा म्हणजे एकेका अक्षराचा शिशाचा चौकोनी ठोकळा. लिहिणारा हात पुढचं अक्षर ओळखून आपली रेघ वर किंवा खाली वळवतो. ठोकळ्याला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसतं. रोमनच्या २६ लहान अक्षरांच्या जोड्याच ६७६ होतात, आणि प्रत्येक जोडी सांधली गेली पाहिजे.

हे कोडं मराठी छापखान्यातल्या जुळाऱ्याला लगेच कळलं असतं. आपली शिरोरेघ खिळ्याच्या कडेपर्यंत, सगळीकडे एकाच उंचीवर ओढलेली असते. म्हणून कोणताही खिळा कोणाशेजारीही बसवा, रेघ सलग दिसते. रोमन लिपीला ही सोय नाही. एक्सकोफाँनी ती खालच्या अंगाला निर्माण केली: अक्षर कितीही उसळलं तरी त्याची जोडरेघ कडेला ठरल्या उंचीवरच पोचते. शिवाय रेघांच्या कडा ब्रशाच्या फटकाऱ्यासारख्या खरबरीत आहेत, त्यामुळे सांधा डोळ्याला खुपत नाही. मिस्त्रालचा मोकळेपणा मला म्हणूनच इतका मोलाचा वाटतो. त्याच्यामागे सुताराची मापं आहेत.

हा टाइप दुकानांच्या पाट्यांवर गेला, पोस्टरांवर गेला. २०११च्या ‘ड्राइव्ह’ चित्रपटाची गुलाबी श्रेयनामावली त्यातच आहे. शिसं केव्हाच गेलं. संगणकावर रेघ चौकोनाबाहेर हवी तिथे नेता येते. तरी मिस्त्रालचं अक्षर अजून त्याच ठरल्या उंचीवर शेजाऱ्याचा हात धरतं.