मिठाची पिशवी निवडायची कशी? कृत्रिम समुद्राची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात माझा तीन आठवड्यांचा डेटा मिठाने खाल्ला. मी एप्टेशिया नावाच्या छोट्या सी अ‍ॅनिमोनवर काम करतो. प्रवाळासारखंच याच्याही पेशींत शैवाल राहतं, म्हणून हा प्रवाळाचा चुलतभाऊ समजा. आमची प्रयोगशाळा घाटावर आहे. समुद्राचं पाणी टँकरने आणायचं तर खर्च मोठा, आणि जुलैमध्ये कोकण किनाऱ्यावर, विशेषतः खाड्यांच्या आसपास, नद्यांचं पाणी मिसळून खारेपणा खाली येतो. त्यामुळे आम्ही तयार मिश्रण वापरतो, तेच जे हौशी लोक रीफ टँकसाठी घेतात. उघड्या पिशवीतून मी ते वजन करून घेत होतो, आणि मीठ हवेतलं पाणी पीत होतं. काट्यावर आकडा बरोबर यायचा, पण त्यातलं काही वजन पाण्याचंच होतं. कंडक्टिव्हिटी मीटर लावला तेव्हा खारेपणा ३५ ऐवजी ३१ निघाला. चूक माझीच. पण "कुठलं मीठ घ्यायचं?" हा प्रश्न मी तोवर दुकानदाराला विचारत होतो, तो त्या दिवशी ग्रंथालयात नेला.

तिथे पहिला भेटला फिलिप हेन्री गॉस, इंग्लंडमधला निसर्गअभ्यासक. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि शहरात काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. मात्र लंडनला समुद्र नाही. पाणी किनाऱ्यावरून पिंपात भरून आणायचं, वाटेत ते नासायचं. मग १८५४ मध्ये गॉसने श्वाइट्झर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ब्रायटनजवळच्या पाण्याचं केलेलं पृथक्करण समोर ठेवलं आणि उलटा हिशेब मांडला: पाण्यातून जे निघालं ते परत घातलं तर समुद्र का होऊ नये?

त्याच्या पाककृतीत फक्त चार क्षार होते. साधं मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन. हे सगळं चार क्वार्टांहून थोड्या कमी पाण्यात. आधी त्यात समुद्री शेवाळ वाढू दिलं, मग प्राणी सोडले, आणि ते जगले. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचाच रसायनज्ञही त्याच सुमाराला याच मागे होता.

आता ही यादी पुन्हा वाचा. यात कॅल्शियम कुठे आहे? नाही! श्वाइट्झरच्या तक्त्यात कॅल्शियम सल्फेट होतं, पण प्रमाण किरकोळ म्हणून गॉसने ते, आणि त्याहून अल्प असलेलं कॅल्शियम कार्बोनेट, सोडून दिलं. त्याचं निभावलं, कारण लंडन परिसरातलं पाणी खडूच्या थरांतून येतं आणि चांगलंच जड असतं, म्हणजे थोडंफार कॅल्शियम नळातूनच मिळत होतं. शिवाय त्याचे पाहुणे थंड पाण्यातले अ‍ॅनिमोन आणि शेवाळ. रीफ बांधणारा प्रवाळ त्या टाकीत ठेवला असता तर त्याला सांगाडा कशाचा करायचा हा प्रश्न पडला असता. समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि आजचा रीफवाला मिठाच्या पिशवीवर सगळ्यात आधी तोच आकडा शोधतो. एखादा घटक 'किरकोळ' आहे हे प्राणी ठरवतो, तक्ता नाही. पण गॉसला हसू नका, पुढे आपलंही तेच होणार आहे.

गॉसच्या हिशेबामागे एक गृहीतक लपलेलं होतं: ब्रायटनचं पाणी म्हणजेच समुद्र. हे कशावरून? अलेक्झांडर मार्सेने १८१९ मध्येच म्हटलं होतं की पाणी कमी-जास्त खारट असेल, पण त्यातल्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जगभर जवळपास सारखं असतं. त्याच्याकडे नमुने मोजकेच होते. पुढे फोर्चहॅमरने १८६५ मध्ये बरंच मोठं काम छापलं. पण शिक्का बसला तो एचएमएस चॅलेंजरच्या मोहिमेनंतर. हे जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं आणि आणलेल्या पाण्यापैकी ७७ नमुने ग्लासगोच्या विल्यम डिटमारने तपासले. १८८४ चा त्याचा अहवाल जमेल तर नक्की उघडा. एकच मोजमाप तो किती वेगवेगळ्या वाटांनी पडताळतो, ते बघायला मिळतं. प्रमाण खरंच स्थिर निघालं. फक्त खोल पाण्यात कॅल्शियम किंचित जास्त, कारण वरून पडणारे कवचांचे तुकडे खाली विरघळतात. म्हणजे एकच पाककृती सगळ्या समुद्रांना चालते, हे त्या पिशवीचं खरं लायसन्स.

त्यानंतर लायमन आणि फ्लेमिंग यांनी १९४० मध्ये आकडे नीट बसवले. पण मला सगळ्यात उपयोगी पडला तो १९६७ चा केस्टर आणि सहकाऱ्यांचा, अवघा चार पानांचा पेपर. ते क्षारांचे दोन गट करतात. सोडियम क्लोराइड, सोडियम सल्फेट, पोटॅशियम क्लोराइड, बायकार्बोनेट वगैरे काट्यावर मोजायचे. मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियमची क्लोराइड्स मात्र काट्यावर मोजायचीच नाहीत. त्यांचं द्रावण करायचं, त्याची तीव्रता तपासायची आणि मग आकारमानाने घालायचं. का? कारण ही क्लोराइड्स स्फटिकात पाणी धरून बसतात, आणि किती धरलंय याचा भरवसा नाही. माझा जुलै! १९६७ सालीच कोणीतरी छापून ठेवला होता.

तयार मिश्रणं बाजारात नीट रुळली ती १९६० च्या दशकापासून, अमेरिकेत. 'इन्स्टंट ओशन' हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या बायोस्फिअर २ मध्ये जो समुद्र केला होता, त्यातही खऱ्या समुद्राच्या पाण्याबरोबर कृत्रिम मीठ होतं. त्याच टाकीतून लँग्डन आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की पाण्याची कार्बोनेट संपृक्तता उतरली की प्रवाळसमूहाचं कॅल्शिभवन मंदावतं. घरात बनवलेल्या समुद्राने खऱ्या समुद्राबद्दल इतकं मोठं काही सांगावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग सगळी मिठं सारखीच का? अ‍ॅटकिन्सन आणि बिंगमन यांनी १९९० च्या दशकात आठ व्यापारी मिठं खऱ्या पाण्याशेजारी ठेवून तपासली. मुख्य आयन बहुतेक जवळपास बरोबर. गडबड सूक्ष्म धातूंत, ते खऱ्या समुद्रापेक्षा पुष्कळ जास्त दिसले. २००३ मध्ये रोनाल्ड शिमेक यांनी सी अर्चिनच्या अळ्या वेगवेगळ्या मिठांत वाढवल्या, काहींत त्या कमी जगल्या, आणि बोट पुन्हा धातूंकडे गेलं. पुढच्याच वर्षी होव्हानेक आणि कॉशलँड यांनी मोजमाप केलं, तर धातू सांगितले गेले तितके चढलेले नव्हते. खरं कोण? घाई करू नका. खारट पाण्यात तांबं मोजणं किती अवघड आहे बघा: आयसीपी-एमएस यंत्रात आर्गॉन (४०) आणि सोडियम (२३) जोडीने आले की वस्तुमान ६३ होतं, आणि तांब्याचा मुख्य समस्थानिकही ६३ चाच. मिठाच्या पाण्यात सोडियमचा काय तुटवडा? मीठ आधी वेगळं काढलं नाही तर नसलेलं तांबंही दिसू शकतं. म्हणून असा वाद वाचताना मी निष्कर्षाआधी नमुना कसा तयार केला तेच वाचतो.

आता निवडीचं. घरी प्रवाळांचा टँक असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी थोडी चढी ठेवलेलं 'रीफ' मीठ सोयीचं, कारण प्रवाळ दोन्ही खातात. प्रयोगासाठी मात्र हेच आकडे अडचणीचे. समुद्राची अल्कलिनिटी लिटरला सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलंट असते. आम्लीकरणाचा प्रयोग त्याच्या दीडपट अल्कलिनिटीच्या पाण्यात केला तर उत्तर कुठल्या समुद्राचं? त्यात बोरेट जास्त असलं तर टायट्रेशनचा आकडा छान दिसतो आणि कार्बोनेट मात्र कमीच असतं. अशा कामाला मी केस्टरची पाककृती स्वतः करतो, कंटाळवाणी असली तरी. रोजच्या संगोपनाला तयार मीठ, एकाच बॅचचं, पूर्ण प्रयोग संपेल इतकं एकदम घेतलेलं.

ते आता झाकणाच्या डब्यात असतं, वर बॅच नंबर आणि उघडल्याची तारीख. डबा अर्ध्यावर आला की सगळं मीठ पुन्हा ढवळतो, कारण वाहतुकीत बारीक आणि जाड कण वेगवेगळे बसतात. ३५ ग्रॅम मोजणं बंद, ३५ खारेपणा मोजणं चालू. सरांनी परवा डबा पाहिला आणि विचारलं, "लोणचं आहे का?"