गोदातीरींचें अबिचलनगर

नांदेड म्हटलें म्हणजे महाराष्ट्रीय वाचकांस गोदावरीचें विस्तीर्ण पात्र, तिचे घाट आणि मराठवाड्यांतील एक जुनी बाजारपेठ आठवते. हेंच नांव पंजाबांतील एखाद्या खेड्यांत उच्चारलें तर ऐकणारा हात जोडून ‘हुजूरसाहिब’ असें म्हणेल. शीखांच्या पांच तख्तांपैकीं एक येथें आहे. त्यांच्या दहाव्या गुरूंनीं येथेंच देह ठेवला. आणि म्हणूनच त्यांच्या परंपरेंत या स्थळास अबिचलनगर, म्हणजे कधींहि न ढळणारें नगर, अशी संज्ञा मिळाली. एकाच नदीकांठचें एकच नगर दोन समाज दोन नांवांनीं ओळखतात, आणि त्यांपैकीं एकास दुसऱ्याच्या नांवामागील इतिहास फारसा ठाऊक नसतो, ही स्थिति आम्हांस भूषणावह वाटत नाहीं.

गुरु गोविंदसिंह यांचा जन्म १६६६ च्या डिसेंबरांत पाटण्यास झाला. खालशाची स्थापना त्यांनीं १६९९ मध्यें आनंदपुरास केली. त्यांचें सारें कर्तृत्व पंजाबच्या डोंगरपायथ्याशीं घडलें. असें असतां वयाच्या ४२ व्या वर्षीं त्यांचा अंत दक्षिणेंत, गोदावरीच्या तीरीं, कसा झाला? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें कीं त्या काळच्या हिंदुस्थानचें सगळें राजकारण डोळ्यांपुढें उभें राहतें.

औरंगजेब १७०७ च्या आरंभीं अहमदनगराजवळ मरण पावला. त्यापूर्वीं दोन एक वर्षें गुरूंनीं त्यास ‘जफरनामा’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें फारसी पद्यमय पत्र लिहिलें होतें. शपथ घेऊन ती मोडणाऱ्या बादशाही अंमलदारांचा त्यांत कठोर शब्दांत निषेध आहे. पत्र वाचून बादशहानें भेटीस येण्याविषयीं कळविलें व गुरु दक्षिणेच्या वाटेस लागले, असें शीख इतिहासकार सांगतात. ते राजपुतान्यांत असतांनाच बादशहाच्या मृत्यूची वार्ता आली आणि त्याच्या पुत्रांत तख्तासाठीं युद्ध जुंपलें. जून १७०७ मध्यें जाजऊच्या रणांत आजमशहा पडला व मुअज्जम हा बहादुरशहा या नांवानें बादशहा झाला. याच घालमेलींत शाहू महाराजांची सुटका झाली आणि १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. ज्या घटनेनें मराठ्यांचा राजा घरीं परतला, तिनेंच शीखांचे गुरु घरापासून दूर नेले.

१७०७ च्या उन्हाळ्यानंतर आग्र्यास बहादुरशहा व गुरु यांची भेट झाली. बादशहानें त्यांस सन्मानाचा पोशाख व साठ हजार रुपये किंमतीची रत्नजडित धुगधुगी दिली. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत गुरूंनीं आपल्या अनुयायांस पाठविलेल्या एका पत्रांत या भेटीचा उल्लेख असून आपण लवकरच परत येऊं असेंहि लिहिलें आहे. परंतु तें परतणें घडलें नाहीं. बादशहा प्रथम राजपुतान्यांत व नंतर कामबक्षाचें बंड मोडण्यासाठीं दक्षिणेंत निघाला. गुरूहि आपल्या घोडेस्वारांसह त्याच्या छावणीबरोबर राहिले. बऱ्हाणपूर, हिंगोली असा मार्ग आक्रमून १७०८ च्या पावसाळ्यांत ते नांदेडास पोंचले.

येथें एक वाद उपस्थित होतो. गुरूंनीं मोंगलांची चाकरी पत्करली होती, असें कांहीं इंग्रज ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें. शीख अभ्यासकांस हें मान्य नाहीं. आम्हांस दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. चाकरांस मनसब मिळते, जहागीर मिळते; अशा कोणत्याहि नेमणुकीचा पुरावा पुढें आलेला नाहीं. उलट, गुरूंच्या निधनानंतर त्यांच्या मालमत्तेचें काय करावें असा प्रश्न दरबारांत निघाला असतां, ही एका दरवेशाची चीजवस्त आहे, तिच्यानें सरकारी खजिना भरावयाचा नाहीं, अशा अर्थाचा हुकूम बादशहानें दिल्याची नोंद फारसी अखबारांत सांपडते. मनसबदार मेला म्हणजे त्याची मिळकत सरकारजमा होण्याची मोंगलांची चाल सर्वश्रुत आहे. ती येथें लागू केली नाहीं, यावरून दरबार गुरूंस कोणत्या वर्गांत गणीत होता हें उघड होतें. सरहिंदचा फौजदार वजीरखान यानें गुरूंच्या दोन धाकट्या पुत्रांस ठार केलें होतें. त्याबद्दल न्याय मिळावा, याच आशेनें ते छावणीबरोबर इतके दिवस राहिले असावेत. तो न्याय बादशहाच्या हातून झाला नाहीं.

नांदेडास गोदातीरीं माधोदास नांवाचा एक बैरागी मठ बांधून राहत होता. मूळचा तो जम्मूकडील राजौरीचा. गुरूंची त्याची गांठ पडली, त्यानें आपण गुरूंचा बंदा, म्हणजे सेवक, असल्याचें कबूल केलें आणि खालशाची दीक्षा घेतली, अशी कथा आहे. गुरूंनीं त्यास पांच बाण, निशाण व नगारा देऊन पंजाबांत धाडलें. इतिहासांत बंदा बहादूर म्हणून गाजलेला पुरुष तो हाच. मे १७१० मध्यें त्यानें वजीरखानास रणांत लोळवून सरहिंद घेतलें, गुरूंच्या नांवें नाणें पाडलें, आणि जून १७१६ मध्यें दिल्लीस अनन्वित हाल सोसून प्राण दिले. पंजाबांतील मोंगल सत्तेस ज्यानें पहिला जबर धक्का दिला, त्याची पाठवणी गोदावरीच्या एका घाटावरून झाली, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासांत ठळकपणें नमूद व्हावयास हवी. तो घाट आजहि बंदाघाट याच नांवानें ओळखला जातो.

गुरूंचा अंत घातानें झाला. विश्वास संपादन करून जवळ आलेल्या पठाणानें त्यांच्यावर कट्यारीचा वार केला. तो वजीरखानानें धाडलेला होता असें शीख परंपरा मानते. मारेकरी गुरूंच्याच तलवारीनें पडला. जखम शिवली गेली व भरूं लागली. परंतु पुढें एक जड धनुष्य ओढतांना टांके तुटले आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं त्यांचें निर्वाण झालें. दरबारच्या नोंदींत, गुरूंच्या हातून मेलेल्या जमशेदखान नांवाच्या अफगाणाच्या मुलास पोशाख दिल्याचें नमूद आहे. गुरूंच्या मानलेल्या पुत्रासहि दुखवट्याचा पोशाख मिळाला. मारणाऱ्याच्या व मरणाऱ्याच्या अशा दोन्ही घरीं वस्त्रें पाठविणाऱ्या त्या दरबाराचें स्वरूप वाचकांनींच ओळखावें.

परंतु नांदेडचें खरें माहात्म्य या मृत्यूंत नसून मृत्यूपूर्वीं झालेल्या निर्णयांत आहे. गुरूंचे चारहि पुत्र आधींच गेले होते. नवा गुरु नेमावा तर गादीसाठीं तंटे व फुटीर गाद्या निघण्याचा धोका मागील दोन शतकांत अनेकदां अनुभवास आला होता. अशा वेळीं त्यांनीं देहधारी गुरूंची परंपराच संपविली. यापुढें ग्रंथ हाच गुरु, आणि त्याच्या सान्निध्यांत जमलेला खालसा हेंच त्याचें दृश्य रूप, असा त्यांचा आदेश झाला अशी शीखांची श्रद्धा आहे. या आदेशाच्या नेमक्या शब्दांविषयीं विद्वानांत चर्चा आहे. तथापि गुरूंनंतर थोड्याच वर्षांत झालेल्या ज्या ‘गुरुशोभा’ काव्याचा बहुतेक अभ्यासक आधार घेतात, त्यांतहि खालसा व शब्द यांसच गुरूचें स्थान दिलेलें आहे. एखाद्या पंथाच्या आचार्यानें आपल्या गादीवर माणसाऐवजीं वाणी बसवावी, हा प्रकार धर्मेतिहासांत विरळा. बंदा पडला, पुढें पाऊण शतक पंजाबांत रणधुमाळी माजली, तरी हा समाज विखुरला नाहीं. याचें एक मोठें कारण या निर्णयांत आहे असें आम्हांस वाटतें. ज्या गुरूस शत्रु मारूं शकत नाहीं असा गुरु त्यांस मिळाला होता.

आणि येथें महाराष्ट्राचा संबंध अधिक जवळचा होतो. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ मध्यें ज्या ग्रंथाचें संकलन पुरें केलें, त्यांत आमच्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत. नामदेव पंजाबांत हिंडले, गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें स्थान अद्यापि पूज्य आहे. त्यांचें जन्मस्थान म्हणून पुष्कळ लोक ज्या नरसीकडे बोट दाखवितात, ती नरसी हिंगोलीनजीक आहे, म्हणजे गुरूंच्या शेवटच्या वाटेपासून फार दूर नाहीं. खालशाच्या पहिल्या पांच प्रियजनांपैकीं एक, साहिबसिंह, बिदरचा होता असेंहि परंपरा सांगते. तेव्हां ज्या दिवशीं नांदेडास ग्रंथ गुरुपदावर आरूढ झाला, त्या दिवशीं मराठी भूमींतील एका शिंप्याची वाणीहि त्या पदीं बसली. वारकऱ्यांचा संत शीखांच्या गुरुग्रंथांत बोलतो आणि शीखांचे गुरु वारकऱ्यांच्या भूमींत विसांवतात. असा परस्परांचा पाहुणचार इतरत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

आज जें मुख्य मंदिर दिसतें तें महाराजा रणजितसिंहांच्या पुढाकारानें १८३२ ते १८३७ या काळांत उभें राहिलें. मुलूख निजामाचा, पैसा व कारागीर लाहोरचे. त्या सुमारास पंजाबांतून आलेल्या शिपायांपैकीं व कामगारांपैकीं अनेक कुटुंबें इकडेच राहिलीं. त्यांचे वंशज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. गुरूंच्या दहनस्थानावर अंगीठासाहिब असून तेथेंच त्यांचीं मानलीं जाणारीं शस्त्रें जपून ठेविलीं आहेत. आंतल्या दालनांत मुख्य पुजाऱ्याखेरीज कोणी जात नाहीं. सेवेसाठीं रोज घागर भरून गोदावरीचें पाणी आणतात, दिवे ओंवाळून आरती होते, दसऱ्यास व होळीच्या सुमारास शस्त्रांची मिरवणूक निघते. यांतील कांहीं चाली पंजाबांतील रिवाजाहून निराळ्या आहेत, व त्यांविषयीं तिकडील सुधारक मंडळींत मतभेदहि झाले. परंतु दूर एकट्या पडलेल्या वसाहतींत जुने आचार अधिक टिकतात, हा समाजशास्त्राचा सामान्य अनुभव आहे. नांदेडच्या शीखांनीं जें जपलें त्यांत अठराव्या शतकाचा कांहीं अंश शिल्लक असण्याचा पुष्कळ संभव आहे.

१९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १९५६ मध्यें हैदराबाद विधिमंडळानें या गुरुद्वाऱ्याच्या व्यवस्थेसाठीं स्वतंत्र कायदा केला, आणि त्याच वर्षीं मराठवाडा मराठी मुलखास येऊन मिळाला. २००८ मध्यें गुरुगादीचा त्रिशतकोत्सव झाला, तेव्हां देशोदेशींच्या यात्रेकरूंची येथें रीघ लागली. अमृतसरहून नांदेडास येणाऱ्या गाडीचें ‘सचखंड’ हें नांवहि या मंदिरावरूनच पडलें आहे.

एवढें असूनहि मराठींत या नगराचा साधार व सविस्तर इतिहास वाचावयास मिळणें कठीणच आहे. त्याचीं साधनें तीन ठिकाणीं विखुरलेलीं आहेत: फारसी अखबारांत, गुरुमुखी पोथ्यांत आणि स्थानिक कागदपत्रांत. फारसीवाल्यास गुरुमुखी येत नाहीं, गुरुमुखीवाल्यास मोडी येत नाहीं, आणि ज्यांस मोडी येते त्यांचें लक्ष सातारा-पुण्याकडे लागलेलें असतें. यामुळें एक फार मोठी घटना आपल्याच अंगणांत घडूनहि ती शेजाऱ्याची म्हणून आपण सोडून दिली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनीं ही साधनें एकत्र आणलीं, तर लाभ शीखांपेक्षां आमचाच अधिक होईल. कारण शीखांस नांदेड ठाऊक आहेच. तें ओळखावयाचें राहिलें आहे तें आम्हांस.