शरीफ : एका नावाचा मक्केपासून भातवडीपर्यंतचा प्रवास

१/ शिवछत्रपतींच्या पित्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. चुलत्यांचे नाव मात्र क्वचितच कोणी सांगतो. ते होते शरीफजी. भोसले कुळात हे अरबी नाव कोठून आले? आजचा धागा त्याविषयी.

२/ अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूंतून घडतात. श-र-फ या धातूत उंचीचा आणि त्यावरून प्रतिष्ठेचा आशय आहे. शरीफ म्हणजे कुलीन, आदरणीय. अश्रफ, मुशर्रफ, तशरीफ ही त्याचीच भावंडे. आपला ‘सराफ’ मात्र स-र-फ या वेगळ्या धातूतला.

३/ इस्लामी जगतात ‘शरीफ’ ही पदवीही होती. प्रेषित मुहंमदांच्या वंशजांना, विशेषतः त्यांचे नातू हसन यांच्या शाखेला, ती लावत. मक्केचे अमीर ‘मक्केचे शरीफ’ म्हणवले जात. १९१६ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव करणारे हुसेन बिन अली त्यांपैकीच.

४/ या शब्दाला कुळाच्या अभिमानाची बाजूही आहे. त्याचे अनेकवचन ‘अश्राफ’. भारतात सय्यद, शेख, मुघल, पठाण स्वतःला अश्राफ म्हणवत आणि कष्टकरी मुस्लिम जातींना ‘अजलाफ’ ठरवत. बोलीत मात्र दुसरा अर्थ रुजला. ‘शरीफ माणूस’ म्हणताना आपण वर्तन पाहतो, वंशावळ विचारत नाही.

५/ आता दख्खनकडे वळू. मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार. अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, शाह शरीफ या सूफी संतांचा दर्गा आहे. परंपरा सांगते की मालोजीराजे व उमाबाईंनी अपत्यासाठी या पीराला नवस केला. दोन पुत्र झाले आणि संतांचे नाव दोघांत वाटले गेले : शहाजी व शरीफजी. पुढे जोडलेला ‘जी’ आपला.

६/ १६२४. अहमदनगरजवळ भातवडी. मुघल व आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. निजामशाहीचा सेनानी होता मलिक अंबर, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याच्या बाजूने दोघे भोसले बंधू लढले. विजय मिळाला, शरीफजी रणात पडले.

७/ वंशावळीच्या मापाने मलिक अंबर ‘शरीफ’ ठरला नसता, आणि शरीफजींचा तर अरबी कुळाशी संबंधच नव्हता. तरीही ज्या संताच्या नावाने ते ओळखले गेले, त्याच्याच नगरासाठी त्यांनी प्राण दिले. पुढे कोणी ‘हे नाव आपले की त्यांचे?’ असे विचारले, तर त्याला भातवडीची ही गोष्ट जरूर सांगा.