जुनी मोटारघरे : देखभाल व दुरुस्ती (यवतमाळ जिल्हा)

झोपण्याची, स्वयंपाकाची व पाणी साठवण्याची कायम सोय असलेले आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारे वाहन म्हणजे मोटारघर. दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढत न्यायची कॅरव्हॅन येथे धरलेली नाही. या नोंदीत साधारण २५ वर्षांवरील, म्हणजे संगणकीय नियंत्रणाशिवाय चालणाऱ्या डिझेल गाड्यांवर बांधलेल्या मोटारघरांचा विचार केला आहे, आणि तोही यवतमाळच्या हवेत, तिथल्या मातीवर व तिथल्या मिस्त्र्यांच्या हातून. अशा गाडीला दोन अंगे असतात, गाडी आणि घर. इंजिनाला हात लावणारा माणूस वणीपासून उमरखेडपर्यंत कुठेही भेटतो. घराचा भाग सांभाळण्याचे ज्ञान मात्र सुतार, डेंटर, इन्व्हर्टरवाला आणि कुलरवाला अशा चौघांत विखुरलेले आहे. जुनी मोटारघरे बहुधा या घराच्या बाजूनेच भंगारात जातात.

पार्श्वभूमी. हौसेखातर फिरत्या घरात राहण्याची चाल युरोपातली. गॉर्डन स्टेबल्स या इंग्लंडमधील लेखकाने १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची कॅरव्हॅन बांधून घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगनच्या १९५० च्या व्हॅनवर वेस्टफालिया कंपनीने बिछाने आणि कपाटे बसवली, अमेरिकेत विनेबागोने १९६६ पासून मोटारघरे तयार केली. अशा गाड्या घेऊन युरोपातली तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत येत; १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तो खुष्कीचा मार्ग बंद पडला.

महाराष्ट्रात गाडीत संसार थाटला तो हौसेने नव्हे, पोटासाठी. तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीजवाले जत्रांच्या हंगामात महिनोन्‌महिने ट्रकवर काढत आले. प्रोजेक्टर, तंबू, भांडीकुंडी आणि माणसे एकाच गाडीत. या टुरिंग टॉकीजवर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. जुनी यंत्रे पुन्हा पुन्हा दुरुस्त करून चालती ठेवणे काय असते, हे त्यात नीट दिसते. विदर्भात आजही दक्षिणेतून येणाऱ्या बोअरवेलच्या गाड्यांबरोबरची माणसे हंगामभर गाडीशीच मुक्काम करतात. त्यांना कोणी मोटारघरवाले म्हणत नाही, पण जुन्या गाडीत राहून ती चालू ठेवण्याचा अनुभव त्यांच्याइतका क्वचितच कोणाजवळ असेल.

मोटारघरासाठी सोयीची म्हणावी अशी महाराष्ट्राची गाडी म्हणजे मॅटाडोर. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीच्या टेंपो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेंपो सुरू केली, आणि १९६९ मध्ये मॅटाडोर बाजारात आली. लग्नाचे वऱ्हाड, रुग्णवाहिका, भाजीची वाहतूक, सगळे तिने केले. तिचे इंजिन पुढच्या चाकांना जोर देते. मागच्या बाजूला फिरता दांडा नसल्याने फळी खाली बसते आणि आत उभे राहायला जागा मिळते. १९८० च्या दशकात कंपनीने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आणले. त्याच दशकात मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर आली. भारतात बांधल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारघरांचा पाया हीच गाडी आहे. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले.

हवामान आणि माती. यवतमाळचा मे ४५ अंशांवर जातो. भर उन्हात उभ्या गाडीच्या टपाला हात लावता येत नाही. खिडक्यांचे रबर कडक होते, सांध्यांतला जुना मसाला आक्रसून भेगाळतो, प्लास्टिकच्या झडपा ठिसूळ होतात. मग जूनमध्ये मृग बरसतो आणि उन्हाने उघडलेल्या प्रत्येक भेगेत पाणी शिरते. कोकणात गंज बाराही महिने खारट हवेतून येतो. इथे आधी ऊन वाट करून देते आणि मागून पाऊस आत येतो. म्हणून देखभालीचे वर्ष इथे एप्रिलच्या अखेरीस सुरू करावे, दिवाळीत नव्हे.

दुसरा मुद्दा काळ्या मातीचा. कपाशीची ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर महिनोन्‌महिने उभी केलेली गाडी एका अंगाला खचते, चेसीला पीळ बसतो, दारे घासू लागतात आणि टपाचे सांधे ताणले जातात. शेतातल्या घरापुढे गाडी ठेवायची असेल तर चारही चाकांखाली मुरूम दाबून सिमेंटच्या लाद्या टाकाव्यात. हा खर्च किरकोळ आहे आणि टाळणारे पुष्कळ आहेत.

टप आणि गळती. जुन्या मोटारघराची खरी परीक्षा टपावर होते. आत डाग जिथे दिसतो तिथे छिद्र नसते. पाणी टपाच्या आडव्या पट्ट्यांवरून वाहत जाऊन सखल जागी टपकते. छिद्र शोधायला मे महिन्यातच, कोरड्या दिवशी, एकाने टपावर नळीने पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसावे. पाणी खालच्या बाजूने सुरू करून एकेका सांध्यावर पाचदहा मिनिटे थांबत वर सरकायचे. एकदम सगळा टप भिजवला की काहीच कळत नाही.

गळती बहुधा हवेच्या झडपेभोवती, सामानाच्या जाळीच्या बोल्टांपाशी, पुढच्या काचेच्या रबराखाली किंवा पन्हळीच्या वेल्डिंगवर सापडते. झडपेचे उदाहरण घेऊ. स्क्रू काढून झडप पूर्ण उचलावी. खालचा जुना मसाला लाकडी पट्टीने खरवडावा, कारण लोखंडी पात्याने रंग जातो आणि गंजाला नवी जागा मिळते. मग स्पिरिटने पुसून कोरडे करावे. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही; गळती थांबली असे वाटते आणि दुसऱ्या पावसात पुन्हा सुरू होते. पत्रा स्वच्छ झाला की चौकटीखाली ब्यूटिलची चिकट पट्टी सलग फिरवावी. सांधा कोपऱ्यात ठेवू नये. झडप बसवून स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. पट्टी कडेने बाहेर येईल ती दुसऱ्या दिवशी कापावी. उन्हात ती आणखी बसते, तेव्हा आठवड्याने स्क्रूंना अर्धा फेरा द्यावा. एवढे काम नीट केले तर त्या झडपेची काळजी अनेक वर्षे राहत नाही.

टपाला पांढरा, उष्णता परतवणारा रंग देणे यवतमाळसारख्या ठिकाणी चैनीत मोडत नाही. आतला उकाडा कमी होतो आणि सांध्यांवरचा ताणही घटतो. डांबरी पट्टा मात्र लावू नये. मेच्या उन्हात तो वितळतो आणि पुढच्या मिस्त्र्याला खालचा पत्रा दिसत नाही.

पत्रा आणि फळी. गंज वरून फोडासारखा दिसतो तेव्हा आतून काम झालेले असते. चाकांच्या कमानी, दाराखालचा उंबरा, बॅटरीची जागा आणि सिंकखालची फळी, या चार जागा पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. आवाज बोदा आला की उघडायचे. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा जोडणे हाच इलाज. कुजलेल्या पत्र्यावरच पुट्टी फिरवून रंग मारणारे दुकान स्वस्तात काम करते, पण पुट्टी पाणी धरून ठेवते आणि आतला गंज झपाट्याने वाढतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात आणि लगतचे थर्माकोल किंवा फोम काढावे, नाहीतर आग लागते. लाकडी भागासाठी आयएस ७१० खुणेचा सागरी प्लाय घ्यावा. साधा प्लाय पहिल्याच गळतीत फुगतो. सागरी प्लायच्याही कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात आधी द्यावेत. पाणी कडेतून चढते.

इंजिन व चाल. वणी परिसरातल्या कोळशाच्या खाणी आणि पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ यांच्यामुळे जिल्ह्यात डिझेलचे मिस्त्री, पाट्यांची कामे करणारे, रेडिएटरवाले आणि लेथ यांचा तुटवडा नाही. ओएम ६१६ सारख्या इंजिनात विजेवर अवलंबून असलेले फारसे काही नसते. हीटर प्लग, सेल्फ आणि बॅटरी ठीक असली, पंपाला स्वच्छ डिझेल मिळाले की ते चालते. काळा धूर, खडखडाट आणि सकाळी उशिरा चालू होणे या तिन्ही तक्रारींत पंप उघडण्याआधी डिझेलचा व हवेचा फिल्टर बदलावा, व्हॉल्व्हची फट मोजावी आणि नोझल तपासून घ्यावेत. पंप उघडणे महागाचे काम असते आणि बरेचदा त्याची गरजच नसते.

जुन्या मोटारघराचे वजन मूळ गाडीपेक्षा नेहमीच जास्त भरते. कपाटे, १०० लिटर पाणी, दोन बॅटऱ्या आणि संसार अंगावर घेऊन ती चालते. त्यामुळे पाटे बसतात, ब्रेक तापतात आणि रेडिएटरला विश्रांती मिळत नाही. संपूर्ण भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक धुरीचे वजन वेगळे पाहावे. कापसाच्या या जिल्ह्यात वजनकाटा शोधावा लागत नाही. मॅटाडोरमध्ये पुढच्या चाकांच्या सांध्यांवरची रबरी टोपणे फाटली की धूळ शिरून सांधा संपतो. वळणावर टकटक ऐकू येण्याआधीच ती टोपणे बदलावीत. ब्रेकचे तेल हवेतला दमटपणा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. डिझेल गाडीत ब्रेकला जोर देणारी निर्वात हवा वेगळा पंप तयार करतो. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणे म्हणूनच जीवघेणे आहे.

टायरची नक्षी पाहून फसू नये. मोटारघर कमी धावते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर म्हातारे होते. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर कितीही नवा दिसला तरी उन्हाळ्यात महामार्गावर नेऊ नये.

उभी गाडी. चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर खराब होते. पावसाळ्यासाठी ठेवून देताना टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेत दव धरते आणि डिझेलमध्ये पाणी उतरते. महिन्यातून एकदा नुसते इंजिन चालू करून बंद करण्याने नुकसानच होते. आत ओल राहते आणि तेल खराब होते. निदान वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे ब्रेक, गिअर आणि चाकांचे बेअरिंगही हलतात. उंदरांसाठी फटी जाळीने बंद कराव्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत ते गाडीत कापूस नेऊन घरटे करतात आणि तारा कुरतडतात. तारेचे उघडे टोक आणि कापूस एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही.

घरातील यंत्रणा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फळीवर साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारे छिद्र हवेच. पाच किलोचा सिलिंडर सोयीचा. रबरी नळीवर छापलेली तारीख संपली की ती फेकून द्यावी. घराची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी असावी आणि तिच्या अगदी जवळ फ्यूज असावा. भारनियमनाने इन्व्हर्टरवाले गावोगावी तयार केले आहेत, त्यामुळे हे काम त्यांच्याकडून उत्तम होते. बॅटरी चार्ज होताना ज्वलनशील वायू सोडते, म्हणून ती पलंगाखाली बंद पेटीत ठेवू नये. थंडाव्यासाठी विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात छोटा कुलर एसीपेक्षा शहाणपणाचा ठरतो. वीज कमी लागते आणि बिघडला तर तासाभरात दुरुस्त होतो.

कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ वर्णनाशी विसंगत बदल करता येत नाहीत. व्हॅनचे मोटारघर करायचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी लागते. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी होऊन पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते, आणि त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन व चेसीचे क्रमांक आरसी बुकाशी जुळतात का आणि त्यात गाडीचा प्रकार काय लिहिला आहे, हे सौद्याआधी पाहावे. एमएच २९ पाटीच्या गाडीसाठी हा तपास यवतमाळच्या कार्यालयात होतो. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहनांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती किंवा इंधनापुरतीच रस्त्यावर आणता येते, नियमित वापरता येत नाही. ज्याला गाडीत राहून टिपेश्वर अभयारण्यापर्यंत किंवा कळंबच्या चिंतामणी मंदिरापर्यंत जायचे आहे, त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी.