नागपूरचे कॅथलिक विद्यालय : उपासना आणि संमती

सॅव्हॉय प्रांतातील अ‍ॅनेसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स मिशनरी संघाचे नाव नागपुरात त्याच संताच्या नावाच्या विद्यालयाशी निगडित आहे. हे विद्यालय १८७० मध्ये सुरू झाले. नागपूरचे स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ मध्ये निर्माण झाले. म्हणजे येथे शाळा आधी व धर्मप्रांत नंतर, असा क्रम दिसतो.

धर्मसंस्थेच्या शाळेत इतर धर्मीयांची मुलेही शिकत असता उपासनेची मर्यादा कोठे आखावी, हा प्रश्न अशा विद्यालयांपुढे सदैव राहिला. १९५० च्या राज्यघटनेने ३० व्या अनुच्छेदात अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. त्याचबरोबर २८ व्या अनुच्छेदाने राज्यमान्य वा अनुदानित संस्थेत धर्मशिक्षण संमतीवाचून सक्तीचे होऊ नये, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास ती संमती पालकाची असावी, असे ठरविले.

नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी असतानाच, १९५४ मध्ये, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. शाळा व रुग्णालये धर्मांतराची साधने होत आहेत, असा आक्षेप तिच्या १९५६ च्या अहवालाने नोंदविला. ख्रिस्ती समाजाने त्याचा प्रतिवाद केला. म्हणून अशा विद्यालयाच्या सामुदायिक जीवनाचा विचार करताना तेथे प्रार्थना होत होती काय, एवढेच पाहून भागत नाही. तिच्यापासून दूर राहणाऱ्या मुलास वर्गात समान स्थान होते काय, हेही पाहावे लागते.