धुराचा बंदोबस्त : दोन शतकांची हकीकत



हवेवर बोलणाऱ्या वक्त्याला एक सोय असते. ज्या वस्तूविषयी बोलायचे, ती प्रत्येक श्रोत्याच्या नाकाशी हजर असते. पाणी गढूळ असेल तर मनुष्य ते गाळून पितो किंवा दुसऱ्या विहिरीवर जातो. हवेच्या बाबतीत ही निवड त्याला नाही. समोर येईल ती हवा मिनिटाला पंधरा-वीस वेळा आत घ्यावीच लागते. तेव्हा घाण झालेली हवा पाण्यासारखी गाळून घेता येईल काय, हा प्रश्न सुचणे स्वाभाविकच आहे. आपल्याकडे हा प्रश्न आता केवळ विद्वानांपुरता राहिलेला नाही. चौकात हवा शुद्ध करणारा मनोरा उभारावा, रस्त्यावरून तुषार उडवणाऱ्या तोफा फिरवाव्यात, अशा योजनांवर गावोगावच्या नगरपालिकांचा, म्हणजे तुमचा-आमचा, पैसा खर्च होत आहे. तो सत्कारणी लागतो की नाही, हे पाहायचे तर ह्या यंत्रांची मागची हकीकत ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने आज तुमच्यापुढे उभा आहे.

हकीकतीचा आरंभ लंडनपासून करणे भाग आहे. १६६१ साली जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने दुसऱ्या चार्ल्स राजाला एक पुस्तिका अर्पण केली. दगडी कोळशाच्या धुराने राजधानीची कशी दैना झाली आहे, हे सांगून त्याने दोन उपाय सुचवले. धूर ओकणारे धंदे शहराबाहेर हलवावेत, आणि शहराभोवती सुगंधी झाडाझुडपांची लागवड करावी. राजाने पुस्तिकेचे कौतुक केले, पण भट्ट्या जागच्या जागी राहिल्या. तथापि धूर निघतो तेथे त्याचा बंदोबस्त करावा, की निघालेला धूर नंतर कशाने तरी सुसह्य करावा, ह्या दोन्ही वाटा त्या पुस्तिकेत शेजारी शेजारी आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढचा सारा इतिहास ह्याच दोन वाटांचा आहे.

धूर अडवणारे पहिले खरे यंत्र जन्मले ते सोड्याच्या कारखान्यात. लब्लाँच्या कृतीने मिठापासून धुण्याचा सोडा करताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू मोकळा होई. त्याने आसपासच्या झाडांची पाने गळत आणि पिके करपत. कारखानदारांनी प्रथम सर्वांत सोपा उपाय केला, तो म्हणजे धुराडे उंच बांधणे. ग्लासगो येथील एका कारखान्याचे १८४२ मधील धुराडे चारशे फुटांहून उंच होते. त्यामुळे कारखान्याच्या दारचा वायू पलीकडच्या गावात पडू लागला, इतकेच. अशा काळात, १८३६ मध्ये, विल्यम गॉसेज ह्या रसायनतज्ज्ञाने एक पडीक पवनचक्की घेतली, तिच्यात काट्याकुट्या व डहाळ्या भरल्या, वरून पाणी झिरपत सोडले आणि खालून तो वायू वर सोडला. डहाळ्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा पसारा मोठा, त्यामुळे वायू त्यात विरघळून जाई. कारखान्यांतून आजही चालणाऱ्या ‘स्क्रबर’ नावाच्या वायू धुणाऱ्या मनोऱ्यांचा तो पूर्वज होय.

पण उपाय सापडला म्हणून तो अमलात येतो असे नाही. गॉसेजच्या मनोऱ्यानंतर तब्बल सत्तावीस वर्षांनी, १८६३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने अल्कली कायदा केला आणि ह्या वायूपैकी शेकडा ९५ भाग अडवलाच पाहिजे असे ठरवून दिले. त्यावर देखरेखीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ ह्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. ‘आम्लवर्षा’ ही कल्पना ज्याने जगापुढे मांडली, तो हाच गृहस्थ. कायदा आणि निरीक्षक आले, तेव्हा कुठे मनोरे सर्वत्र उभे राहिले. मात्र ह्या यशाला एक शेपूट होते. वायू पाण्यात गेला, आणि ते आम्लयुक्त पाणी कारखानदारांनी नदी-नाल्यांत सोडले! पुढे त्या आम्लापासून कापड पांढरे करण्याची भुकटी बनवण्याच्या किफायतशीर कृती निघाल्या, तेव्हा फेकण्याच्या वस्तूला बाजारभाव आला. यंत्र घाण अडवते, नाहीशी करीत नाही. अडवलेली घाण कोठे जाते, हे विचारल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही.

वायू पाण्याने धुतला, पण धुरातील बारीक कणांचे काय? तेथे वीज उपयोगी पडली. १८२४ मध्ये होलफेल्ड नावाच्या जर्मन गृहस्थाने काचेच्या बरणीत धूर भरून, त्यात विद्युतभारित तार सोडून धूर खाली बसवून दाखवला. तो बरणीतला चमत्कार बरणीतच राहिला. साठ वर्षांनी सर ऑलिव्हर लॉज ह्यांनी तोच प्रयोग कारखान्यात नेला. १८८५ च्या सुमारास वेल्समधील एका शिशाच्या कारखान्यात त्यांनी फिरत्या चकत्यांच्या जातीचे वीजयंत्र बसवले, पण ते दुबळे पडले आणि प्रयोग फसला. तत्त्व खरे होते, साधन अपुरे होते.

ते साधन पुरे केले अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल ह्यांनी. कॅलिफोर्नियातील एका धातुशाळेच्या धुराने भोवतालचे शेतकरी हैराण होऊन न्यायालयात गेले होते. १९०७ च्या सुमारास कॉट्रेलसाहेब गंधकाम्लाच्या धुक्यावर प्रयोग करीत असता एका अंधाऱ्या क्षणी त्यांना दिसले, की सुताने गुंडाळलेल्या तारेवर जांभळी प्रभा पसरली आहे. सुताच्या तंतूंच्या टोकांतून वीज सहजी बाहेर पडत होती. अशा तारेला जबर दाबाची वीज दिली, की शेजारून जाणाऱ्या कणांवर विद्युतभार चढतो आणि ते विरुद्ध भाराच्या पत्र्यावर जाऊन चिकटतात. पत्रा ठोकला, की धूळ खालच्या पेटीत पडते. आपल्या औष्णिक वीजकेंद्रांतले कामगार ज्याला ‘ईएसपी’ म्हणतात, ते यंत्र हेच. रिव्हरसाइड येथील सिमेंटच्या कारखान्यात ते बसले, कारण तेथली धूळ संत्र्यांच्या बागांवर साचत होती. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन पोटॅशची आवक थांबली, तेव्हा त्याच धुळीतले पोटॅश खत म्हणून विकले गेले. आणखी एक गोष्ट कॉट्रेलसाहेबांच्या नावावर आहे. ह्या शोधाचे उत्पन्न त्यांनी स्वतःच्या खिशात घातले नाही. १९१२ मध्ये त्यातून ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ ही संस्था उभी केली आणि तिचा पैसा इतरांच्या संशोधनाला लावला.

म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी वायू धुण्याचे यंत्र होते आणि धूळ पकडण्याचेही होते. १९३३ साली सुरू झालेल्या लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात धुरातील गंधकवायू थेम्सच्या पाण्याने धुतला जाई. तरी १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखेपर्यंत त्याच लंडनवर धुराचे असे झाकण बसले, की दिवसा हाताला हात दिसेना. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके शिरल्यामुळे चालू प्रयोग बंद करावा लागला. त्या वेळी सुमारे चार हजार अधिक मृत्यू मोजले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. यंत्रे असून असे का व्हावे? कारण हवा कोंडली होती, आणि जमिनीलगतचा पुष्कळसा धूर कारखान्यांचा नव्हे, तर लक्षावधी घरांच्या शेगड्यांचा होता. घरोघरच्या धुराड्यावर कॉट्रेलचे यंत्र कोण बसवणार? सर ह्यू बीव्हर ह्यांच्या समितीने हे ओळखले, आणि १९५६ च्या कायद्याने धूरबंदीचे विभाग ठरवून लोकांना शेगड्या बदलण्यासाठी सरकारी मदत देऊ केली. जेथे यंत्र बसत नाही तेथे इंधन बदलावे, हा धडा चार हजार माणसे गेल्यावर मिळाला.

लॉस एंजेलिसची गोष्ट निराळी. तेथे १९४३ पासून डोळे चुरचुरवणारे धुके पडू लागले. डोंगरांना बोगदे पाडावेत आणि अजस्र पंख्यांनी घाण हवा पलीकडे ढकलावी, अशा सूचना तेथे झाल्या! मात्र १९५० नंतर हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मोटारींच्या धुरावर उन्हाची क्रिया होऊन ते धुके तयार होते. तेव्हा पंखे बाजूला राहिले आणि लक्ष मोटारीच्या नळीकडे गेले. १९७५ पासून अमेरिकेत नव्या मोटारींच्या नळीतच ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ बसू लागला. शिसे मिसळलेल्या पेट्रोलने तो निकामी होतो, म्हणून शिसेही गेले. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला.

आता स्वदेशाकडे वळू. गिरण्यांच्या धुराड्यांसाठी मुंबई इलाख्यात धूर-उपद्रवाचा कायदा १९१२ सालीच झाला होता. ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात १९८० च्या दशकात धुरातील गंधकवायू समुद्राच्या पाण्याने धुण्याची सोय झाली. बॅटरसीच्या विद्येचाच तो समुद्रकाठचा अवतार. धुराड्याच्या तोंडाशी बंदोबस्त करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे, ती अशी. परंतु अलीकडे दुसरी वाट अधिक मोहात पाडू लागली. नागपूरच्या ‘नीरी’ ह्या संस्थेने मुंबईच्या आयआयटीसह केलेली ‘वायू’ नावाची यंत्रे २०१८ मध्ये दिल्लीच्या चौकांत बसवली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅनॉट प्लेसला २४ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. त्याला चाळीस पंखे, हजारो गाळण्या, आणि खर्च वीस कोटींहून अधिक. सेकंदाला एक हजार घनमीटर हवा गाळण्याची त्याची क्षमता सांगितली गेली. आकडा भरभक्कम आहे. पण जरा पाटी-पेन्सिल घेऊ.

दिल्लीचे क्षेत्रफळ सुमारे १,४८४ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात घाण हवा जमिनीलगत समजा तीनशे मीटरच्या थरात कोंडते. म्हणजे सुमारे ४४५ घन किलोमीटर हवा झाली. एक घन किलोमीटर म्हणजे शंभर कोटी घनमीटर. सेकंदाला हजार ह्या वेगाने तेवढे गाळायला दहा लक्ष सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस लागतात. सगळी दिल्ली एकदा गाळून व्हायला चौदा वर्षे! आणि वाऱ्याला हा हिशेब ठाऊक नाही. सेकंदाला एक मीटर इतकी मंद झुळूक वाहिली, तरी अकरा तासांत शहराची सारी हवा बदलते, आणि गाळलेल्या हवेच्या जागी भोवतालची तशीच घाण हवा येऊन बसते. मनोऱ्याचा परिणाम त्याच्या आसपासच्या थोड्या टापूपुरताच राहिला ह्यात म्हणून नवल नाही.

हे यंत्राचे वैगुण्य नव्हे, जागेचे आहे. कोळशाच्या भट्टीतून निघणाऱ्या धुरात दर घनमीटरला कित्येक ग्रॅम धूळ असते. रस्त्यावरच्या अत्यंत घाण हवेतही ती एका ग्रॅमचा तीन-चार हजारावा भाग असते. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी जी धूळ एका घनमीटरात सापडते, तीच आभाळात पसरल्यावर वेचायला हजारो, प्रसंगी दशसहस्र घनमीटर हवा उपसावी लागते. आभाळच फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार, असे आपल्या आजीबाई म्हणत. तो निव्वळ गणिताचा सिद्धांत आहे. तुषारांच्या तोफांचेही असेच. त्यांनी जाडी धूळ बसते, पण फुप्फुसाच्या तळाशी जाणारे सूक्ष्म कण थेंबांना वळसा घालून निसटतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात चंद्रपूर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली अशी आपली शहरे आहेत. पैसा येतो आणि पैशाबरोबर यंत्रविक्रेतेही येतात. मनोरा चौकात दिसतो, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. भट्टीची तपासणी, रस्त्याकडेच्या मातीवर घातलेली फरशी, कचरा न जाळण्याची शिस्त, वेळेवर येणारी बस, चुलीऐवजी गॅस, ह्यांचे छायाचित्र निघत नाही. वीजकेंद्रांच्या धुरातील गंधकवायूसाठी २०१५ च्या डिसेंबरात नियम झाले, त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि २०२५ च्या जुलैत बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट मिळाली. म्हणजे जेथे धूर दाट आहे तेथे सवलत, आणि जेथे तो विरळ झाला तेथे मनोरा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण ह्याहून नेमकी कोठे लागू पडेल?

मी यंत्रांचा विरोधक नाही. इस्पितळातील खोलीत, बालकांच्या वर्गात, बंद जागेत हवा गाळणारे यंत्र उपयोगीच आहे, कारण तेथे हवा मोजकी असते. धुराड्याच्या तोंडाशी तर ते अपरिहार्य आहे. प्रश्न एवढाच, की ते कोठे बसवायचे. तेव्हा आपल्या गावात हवाशुद्धीची योजना येईल, त्या सभेला कृपा करून हजर राहा आणि तीनच गोष्टी विचारा : हे यंत्र सेकंदाला किती हवा गाळते? आपल्या गावावर हवा किती आहे? आणि तेवढ्याच पैशात धूर निघतो तेथे काय करता आले असते? उत्तरे कागदावर मागा. गॉसेजची पवनचक्की सत्तावीस वर्षे कायद्याची वाट पाहत राहिली. कायदा आला तो लोकांची ओरड झाली म्हणून. कॉट्रेलच्या तारेमागेही न्यायालयात गेलेले शेतकरी होते. ह्या साऱ्या हकीकतीत यंत्राच्या अगोदर कोणी तरी प्रश्न विचारणारा उभा आहे. ती जागा आपल्या गावात रिकामी राहू नये, एवढी विनंती.