बूट पॉलिशवाली दोन पोरं

व्हिट्टोरियो डि सिका हे नाव निघालं की 'बायसिकल थीव्हज'चं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९४६ साली, याच दिग्दर्शकाने 'शुशा' नावाचा चित्रपट काढला. त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. खुद्द इटलीतही तो तेव्हा चालला नाही. अमेरिकेत मात्र १९४८च्या सोहळ्यात त्याला विशेष ऑस्कर मिळालं.

जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं. शहरात काम नाही, खायला नाही, काळाबाजार मात्र जोरात. रस्त्यावरची पोरं अमेरिकन सैनिकांचे बूट चमकवत. 'शूशाइन' या शब्दाचं त्यांच्या तोंडी 'शुशा' झालं. पास्क्वाले आणि ज्युसेप्पे त्यांतलेच जिवलग दोस्त. पैसे साठवून त्यांना काय घ्यायचंय, तर घोडा! चोरीच्या अमेरिकन ब्लँकेटांच्या भानगडीत मोठी माणसं त्यांना पुढे करतात. घोडा मिळतो, पण पाठोपाठ पोलीसही येतात.

मुलांच्या तुरुंगात दोघांना वेगळ्या कोठड्या. मोठ्यांची नावं सांगायची नाहीत, हे दोघांचं पक्कं. मग अधिकारी एक युक्ती करतात. दाराआड फटक्यांचे आवाज आणि किंकाळ्या पास्क्वालेला ऐकवतात. त्याला वाटतं, ज्युसेप्पेला मारताहेत. प्रत्यक्षात मार खात असतं एक पोतं! दोस्ताला वाचवायला पास्क्वाले नावं सांगून टाकतो. त्यात ज्युसेप्पेचा सख्खा भाऊही असतो. ज्युसेप्पेच्या लेखी पास्क्वाले फितूर ठरतो.

इथे मी चित्रपट थांबवला आणि उठून पाणी प्यायलो. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या सेक्शनमध्ये रुळाच्या क्लिपा चोरताना दोन पोरं सापडली होती. 'तुझ्या दोस्ताने सगळं सांगितलंय,' असं मी एकाला खोटंच सांगितलं. भंगारवाल्याचं नाव पाच मिनिटांत मिळालं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे ती पोरं स्टेशनवर दिसायची. एक फलाटाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला.

चित्रपटात शेवटी पास्क्वाले खराखुरा पट्टा काढून ज्युसेप्पेला मारतो. ज्युसेप्पे पुलावरून पडून मरतो आणि घोडा अंधारात चालू लागतो.

चित्रपट दीड तासाचा आहे. विसर्जनानंतर कॉलनीत दाखवायचा झाल्यास माझ्याकडे प्रत आहे. अगदी लहान मुलांना मात्र आणू नये.